दारावरचें चित्र

बीड जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांत शिरणारा माणूस एकदम घरांत जात नाहीं. प्रथम दगडी कमान किंवा सागवानी चौकट लागते, तिच्या आंत ढाळज असते, आणि ढाळज ओलांडल्यावर चौक दिसतो. ढाळजेंत कूळ बसे, सावकाराचा माणूस बसे, उन्हानें थकलेला वाटसरू पाणी पिऊन घटकाभर टेके. ह्यांपैकीं कोणालाही माजघर दिसत नसे. परंतु चौकटीच्या वरच्या आडव्या फळीवर कोरलेला गणपति मात्र प्रत्येकाच्या दृष्टीस पडे. ह्या फळीला गणेशपट्टी म्हणतात. माजघरांत कोणी आपल्या आवडीची तसबीर लावावी, पेटीच्या झांकणाला आंतून कोणी चित्र चिकटवावें. ती ज्याची त्याची गोष्ट. गणेशपट्टी कोणा एका माणसाची नसते. ती वाड्याची असते, आणि ती कशी असावी हें वाडा बांधणारा ठरवितो. आंत येणारा ठरवीत नाहीं.

मंदिरांचा नियमही असाच आहे. गर्भगृहाच्या द्वारपट्टीवर मधोमध जी लहानशी मूर्ति कोरलेली असते तिला ललाटबिंब हें नांव आहे. भाविकाची दृष्टि देवापर्यंत पोंचण्यापूर्वीं ती ह्या बिंबावरून जाते. मूर्तीवरील वस्त्रें आणि फुलें रोज बदलतात. ललाटबिंब शतकानुशतकें तेंच राहतें. दारावर जें चित्र असतें तें घराची ओळख सांगतें, आणि म्हणूनच तें बदलण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो तो त्या घराचा धनी समजला जातो.

राजसत्तेनें ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतां, विसाव्या शतकाच्या आरंभीं, हैदराबादच्या टांकसाळींत यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनारचें चित्र आलें. त्या चित्रांतील मधल्या कमानींत एक अक्षर असे. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या कारकीर्दींत तें अक्षर ‘मीम’ होतें. १९११ सालीं मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि पुढें त्याच कमानींत ‘ऐन’ दिसूं लागलें. मिनार तेच, कमान तीच. दारांतील अक्षर तेवढें बदललें. बीडच्या, गेवराईच्या, आणि त्या काळीं मोमिनाबाद म्हणविल्या जाणाऱ्या अंबाजोगाईच्या बाजारांत हें नाणें हातोहात फिरे. ज्याला एक अक्षरही वाचतां येत नसे त्याच्याही मुठींतून धन्याच्या नांवाचें तें अक्षर जाई. सरकारी कचेऱ्यांच्या दारांवरील भाषाही राज्याचीच, म्हणजे उर्दू होती. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें देवनागरी लिपींतील मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. दारावरच्या पाट्या बदलल्या. कचेरीच्या पायऱ्या त्याच राहिल्या असतील. पण पायरी चढणाऱ्याला दारावर स्वतःची भाषा दिसूं लागली, हा बदल लहान नव्हता.

संगणकालाही अशीच एक चौकट आहे. यंत्र सुरू केल्यावर, आपलें नांव आणि परवलीचा शब्द देण्यापूर्वीं, जो पडदा समोर येतो त्याला लॉगिनचा पडदा म्हणतात. परवलीचा शब्द बरोबर उतरला कीं मागाहून जो पडदा उघडतो तो निराळा. हा दुसरा पडदा माजघरासारखा आहे. तेथें ज्याचें खातें त्याची आवड चालते. चार्ल्स ओ’रिअर ह्या छायाचित्रकारानें १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांत टिपलेली हिरवी टेकडी २००१ सालच्या विंडोज एक्सपीबरोबर गांवोगांवच्या संगणकांवर आली. परंतु ती ह्या आंतल्या पडद्यावर होती. ती नको असल्यास दोन क्षणांत काढतां येई, आणि तिच्या जागीं कोणी विठोबा लावी, कोणी क्रिकेटपटु. दारावरचें चित्र मात्र इतक्या सहजपणें कधींच कोणाच्या हातीं आलें नाहीं. तें कां आलें नाहीं, ह्याचा इतिहास साठ वर्षांहून अधिक जुना आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६१ सालीं एक नवी व्यवस्था करून दाखविली. एकच मोठा संगणक, आणि त्याला जोडलेल्या निरनिराळ्या टंकयंत्रांवर बसलेलीं अनेक माणसें. यंत्र एक आणि वापरणारे अनेक असे झाल्याबरोबर प्रत्येकाचें दप्तर निराळें ठेवण्याची गरज पडली, आणि परवलीचा शब्द यंत्राच्या दारीं आला. त्या काळीं चित्राचा प्रश्नच नव्हता. सारा व्यवहार कागदावर उमटणाऱ्या अक्षरांचा. तरीही दार कोरें राहिलें नाहीं. आंत येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाची सूचना दाखविण्याची रीत पडली. दारावर लावलेली ही पहिली पाटी म्हणतां येईल.

ह्याच पाटीनें १९६६ सालीं एक विलक्षण घोटाळा केला. दोघे व्यवस्थापक एकाच वेळीं काम करीत होते. एक दिवसाची सूचना दुरुस्त करीत होता. दुसरा परवलीच्या शब्दांच्या यादींत फेरफार करीत होता. दोघांचीही तात्पुरती नक्कल यंत्रानें एकाच नांवाखालीं ठेवली, आणि दोन मजकुरांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी लॉगिन करी त्याला सूचनेच्या जागीं सर्वांचे परवलीचे शब्द छापून मिळूं लागले. कॉर्बातो ह्यांनीं पुढें आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत ही हकीकत सांगितली. दारावर जें लावावयाचें तें सर्वांना दिसावें ह्यासाठींच असतें; म्हणून दाराच्या व्यवस्थेंत झालेली चूकही सर्वांना दिसते, हा धडा त्या दिवशीं मिळाला.

१९८० च्या दशकांत संगणकाच्या पडद्यावर चित्रें उमटूं लागलीं. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांसाठीं तयार झालेल्या एक्स नामक चित्रव्यवस्थेंत १९८८ सालीं एक्सडीएम हा कार्यक्रम आला. त्याचें काम द्वारपाळाचें: पडद्यावर चौकट काढावयाची, नांव विचारावयाचें, परवलीचा शब्द तपासावयाचा आणि माणसाला आंत सोडावयाचें. चौकटीमागील रंग किंवा चित्र बदलण्यासाठीं एक लहानशी आज्ञापत्रिका ठेवलेली असे. परंतु ती यंत्राच्या व्यवस्थापकानेंच लिहावयाची. १९९३ सालीं मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली. तिच्यांत दार उघडण्यासाठीं तीन कळा एकदम दाबाव्या लागत. ह्या विचित्र रीतीला कारण होतें. खोटें दार उभें करून लोकांचे परवलीचे शब्द चोरणें अवघड नसतें. हुबेहूब लॉगिनसारखा दिसणारा पडदा कोणताही कार्यक्रम काढूं शकतो. परंतु ह्या तीन कळांची हांक यंत्राच्या मूळ व्यवस्थेपर्यंतच जाते. मधल्या कोणत्याही साध्या कार्यक्रमाला ती अडवितां येत नाहीं. चित्र खोटें असूं शकतें. कळांना मिळणारें उत्तर खोटें असूं शकत नाहीं.

ह्याच विंडोजच्या पोटांत दारावरील चित्राचें रहस्य दडलें होतें. प्रत्येक माणसाच्या आवडीनिवडी त्याच्या स्वतःच्या नांवाखालीं नोंदलेल्या असत. मग लॉगिनच्या वेळीं, जेव्हां कोण आलें आहे हेंच यंत्राला ठाऊक नसतें, तेव्हां कोणाची आवड दाखवावयाची? त्यासाठीं यंत्राच्या स्वतःच्या खात्याची एक निराळी नोंद असे. तिच्या शिरोभागीं ‘डिफॉल्ट’ असें लिहिलेलें असल्यामुळें पुष्कळांचा समज होई कीं ती नव्यानें येणाऱ्या माणसाची नोंद आहे. वस्तुतः ती माणसाची नसून घराची होती. दारावरचें चित्र बदलावयाचें तर तें ह्या नोंदींत बदलावें लागे, आणि तेथें हात घालण्याचा अधिकार व्यवस्थापकालाच होता.

एक्सपीच्या काळांत हें दार अधिकच घट्ट झालें. तिचा निळा स्वागतपडदा चित्राच्या स्वरूपांत बाहेर ठेवलेला नव्हता. तो द्वारपाळ कार्यक्रमाच्या आंतच ओतलेला होता. हौशी लोक त्या कार्यक्रमाचीच चिरफाड करून त्यांत आपलें चित्र बसवीत. घाव चुकला तर दारच उघडेनासें होई. २००९ सालीं विंडोज ७ आली तेव्हां एक सरळ वाट निघाली. परंतु ती घरमालकासाठीं काढलेली नव्हती. यंत्रें तयार करून विकणाऱ्या कारखानदारांना आपली मुद्रा दारावर उमटवितां यावी म्हणून एक फोल्डर नेमून दिलें होतें. त्यांत ‘बॅकग्राउंडडिफॉल्ट’ ह्या नांवाचें जेपीजी चित्र ठेवावयाचें, नोंदवहींतील ‘ओईएमबॅकग्राउंड’ हा आंकडा एक करावयाचा, आणि चित्राचें वजन २५६ किलोबाइटांच्या आंत राखावयाचें. वजन जास्त झाल्यास यंत्र काहीं न बोलतां जुनेंच चित्र दाखवी. ही वाट सामान्य माणसांनीं शोधून काढली, आणि कारखानदाराच्या मुद्रेसाठीं ठेवलेल्या कोनाड्यांत आपल्या घरची तसबीर बसविली.

लिनक्सच्या यंत्रांवर हाच नियम दुसऱ्या रूपानें भेटतो. एखादा गृहस्थ आपल्या लेकीचें छायाचित्र आपल्या खात्यांतील फोल्डरमध्यें ठेवतो, लॉगिनच्या पडद्याला तें दाखविण्याची आज्ञा देतो, आणि यंत्र पुन्हां सुरू केल्यावर त्याला नुसता कोरा रंग दिसतो. चित्र जागेवर असतें, आज्ञाही बरोबर असते. मग दोष कोठें? दोष कोठेंच नसतो. लॉगिनचा पडदा दाखविणारा कार्यक्रम स्वतःच्या निराळ्या खात्यावर चालतो, आणि दुसऱ्याच्या माजघरांत शिरण्याची त्याला परवानगी नसते. द्वारपाळाला तिजोरीची किल्ली न देण्याचा शहाणपणा त्यांत आहे. तें छायाचित्र सर्वांना वाचतां येईल अशा सामायिक फोल्डरमध्यें नेऊन ठेवलें कीं तत्काळ दिसूं लागतें. माजघरांतील तसबीर दारावर लावावयाची तर ती आधीं माजघरांतून बाहेर आणावी लागते. आणि एकदां बाहेर आणली कीं ती खासगी राहत नाहीं. २०१२ सालच्या उबंटूनें ह्यांत एक मधली वाट काढली होती. यादींतील ज्या नांवावर निवड जाई त्याचें चित्र पडद्यामागें उमटे. एकाच चौकटीवर प्रत्येकाची गणेशपट्टी निराळी, असा तो प्रकार होता.

बीड जिल्ह्याला ह्या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे, कारण येथें संगणक प्रथम आला तो सामायिक वस्तु म्हणून. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचें जाळें १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठिकाणीं पोंचूं लागलें. २००१ नंतर एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमानें तालुक्याच्या गांवीं संगणकवर्ग उघडले, आणि नोकरीच्या आशेनें आलेलीं मुलें एकाच यंत्रावर पाळीपाळीनें बसलीं. २०११ पासून ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रें आलीं. त्यांच्या जागीं पुढें आपले सरकार सेवा केंद्रें आलीं. शाळांतून संगणककक्ष झाले. ज्या घरांत स्वतःचें यंत्र नाहीं त्या घरच्या मुलाला संगणकाचें पहिलें दर्शन घडतें तें अशा यंत्राच्या दारांतच. ह्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्यांच्या मुलांची शाळा कधीं हंगामी वसतिगृहांत राहून चालते, तर कधीं मध्येंच तुटते. असें मूल वर्गांत परत येतें तेव्हां त्याच्या खात्यांतील चित्र कोणी बदललेलें असेल, कदाचित् त्याचें खातेंही राहिलें नसेल. परत आल्याची खूण म्हणून त्याला जें ओळखीचें दिसूं शकतें तें दारावरचें चित्र होय.

मग त्या दारावर काय असतें? बहुतेक ठिकाणीं, दूरच्या कंपनीनें जें लावून पाठविलें तेंच. २०१५ सालीं विंडोज १० बरोबर आलेलें निळें प्रकाशकिरणांचें चित्र संगणकावर रेखाटलेलें नव्हतें. कलावंत ब्रॅडली मन्कोवित्झ ह्यांनीं खरीखुरी खिडकी उभारून, तींतून प्रकाश आणि धूर सोडून त्याची छायाचित्रें घेतलीं होतीं. चित्र देखणें होतें. परंतु आरंभीं तें बदलण्याची साधी सोय दिलेली नव्हती. कुलूपाच्या पडद्यावरील आपलें चित्र लॉगिनच्या पडद्यावरही दाखविण्याची मुभा २०१६ च्या ऑगस्टांतील सुधारणेनें मिळाली. त्याच पद्धतींत इंटरनेटवरून रोज नवें चित्र दारावर आणणारी ‘स्पॉटलाइट’ नांवाची व्यवस्था आहे. तिच्यांतून हिमशिखरें आलीं, समुद्र आले, आणि २०१६ च्या आरंभीं एका खेळाची जाहिरातही आली. घर विकत घेतलें तरी दारावरची पट्टी बांधणाऱ्याच्याच हातीं राहिली, हें तेव्हां पुष्कळांच्या ध्यानांत आलें. ही व्यवस्था बंद करतां येते. पण ती बंद करतां येते हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

चित्रापेक्षांही जड अशी एक गोष्ट ह्याच दारावर ठरते, आणि ती म्हणजे भाषा. लॉगिनच्या पडद्यावरील अक्षरें कोणत्या भाषेंत असावीत, कळफलक कोणता असावा, हेंही यंत्राच्या त्या निराळ्या खात्यांतच नोंदलेलें असतें. एखाद्या लेखनिकानें आपल्या खात्यांत सारें मराठी करून घेतलें तरी सकाळीं यंत्र त्याला इंग्रजींतच नांव विचारतें. विंडोजमध्यें ह्याला उपाय आहे. प्रदेश आणि भाषा ह्यांच्या व्यवस्थेंत, व्यवस्थापकाच्या भागांत, आपल्या खात्याची मांडणी स्वागतपडद्याला लागू करण्याची एक सोय ठेवलेली आहे. तिथें एक खूण केली कीं दारही मराठी बोलूं लागतें. मात्र त्यापूर्वीं परवलीचा शब्द कोणत्या कळफलकावर बसविला होता हें पाहून घ्यावें लागतें. नाहींतर कळा बदलल्यामुळें धनीच दाराबाहेर राहतो.

ज्याच्या हातीं व्यवस्थापकाची किल्ली आहे, मग तो शाळेचा शिक्षक असो कीं केंद्राचा चालक, त्याच्याकडे ह्या दृष्टीनें एक सार्वजनिक काम आलेलें आहे. कुंडाच्या मधोमध उभें असलेलें बीडचें कंकालेश्वर मंदिर, शहराची कोतवाली वेस, किंवा शाळेच्या अंगणांतील लिंबाचें झाड हीं चित्रें लॉगिनच्या पडद्याला शोभतात, कारण तीं सर्वांचीं आहेत. नांव लिहावयाच्या चौकटीमागचा भाग शांत, एकरंगी असावा म्हणजे अक्षरें वाचतां येतात. कोणा मुलाचें छायाचित्र तेथें लावूं नये. जें अनोळखी माणसालाही आंत न येतां दिसतें तेथें मुलाचा चेहरा असूं नये. परवलीचा शब्द चित्रावर तर नकोच, पडद्याच्या कडेला चिठ्ठी करूनही नको. ती चिठ्ठी म्हणजे १९६६ चाच घोटाळा हातानें केलेला होय. आणि चित्र ओळखीचें आहे एवढ्यावरून दार खरें मानूं नये. २०२१ मध्यें सुरू झालेल्या आयकराच्या संकेतस्थळावर करदात्यानें स्वतः निवडलेला एक संदेश परवलीचा शब्द मागण्यापूर्वीं त्याला दाखविला जातो, तो दार खरें असल्याची खूण म्हणून. परंतु ही खूण उपयोगी पडते ती ती नसतांना थबकणाऱ्यालाच. अमेरिकेंतील एका बँकेच्या अशाच चित्रखुणेची २००७ सालीं संशोधकांनीं परीक्षा घेतली, तेव्हां चित्र गायब असूनही बहुतेकांनीं आपला परवलीचा शब्द टाकून दिला होता.

जुन्या वाड्याच्या ढाळजेंत बसलेल्या वाटसरूला वाड्याचा धनी कोण हें कोणी सांगण्याची गरज नसे. चौकट पाहून तें कळे. नाण्यावरील कमानींत ‘मीम’ जाऊन ‘ऐन’ आलें तेव्हांही तें कळलें, आणि कचेरीवर मराठी पाटी चढली तेव्हांही. शाळेच्या संगणककक्षांत ऊसतोडीहून परतलेलें मूल यंत्राची कळ दाबतें, आणि पडद्यावर त्याच्या गांवच्या मंदिराचें चित्र व त्याखालीं त्याच्या भाषेंत नांव विचारणारी ओळ येते, तेव्हां त्या मुलालाही दारावरून कांहीं कळतें. त्यासाठीं लागणारा वेळ अर्ध्या तासाचा आहे, आणि लागणारी किल्ली शिक्षकाच्या खिशांत आहे.